वहिनीचं शून्य

सांडपाण्याच्या पंपघरात विषारी वायू मोजायचे मीटर सांभाळण्याचं काम माझ्या वहिनीकडे आहे. दादा, म्हणजे तिचा नवरा, तिथल्या विहिरीत उतरून पंपात अडकलेला कचरा काढतो. त्याच्या कमरेचा दोर मी धरतो. एकाच घरातली तीन माणसं एकाच भोकाभोवती. जेवताना आम्ही कामाचं बोलत नाही.

वहिनी स्वभावाने फटकळ. रोज सकाळी मीटर फाटकाबाहेर न्यायचे, मोकळ्या हवेत चालू करायचे आणि बटण दाबून शून्य ठरवून द्यायचं, हा तिचा नेम. मीटरला स्वतःची अक्कल नसते. बटण दाबताना भोवती जी हवा असेल, तीच तो स्वच्छ धरून चालतो. नवे साहेब एकदा म्हणाले, "आतच करा की, एवढं काय?" तिने त्यांची अशी हजेरी घेतली, की बिचारे आठवडाभर तिच्या वाटेला गेले नाहीत.

त्या दिवशी मात्र सर्दीने तिचं डोकं धरलं होतं आणि बाहेर बोचरा वारा सुटला होता. तिने दोन्ही मीटर आत, विहिरीच्या काठाशीच चालू केले. हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. आमची नाकं काठावरच्या वासाला केव्हाच निर्ढावलेली, तिचं तर चोंदलेलंच. एक मीटर दादाच्या छातीवर लागला, दुसरा तिच्या हातात राहिला. दोन्हींवर शून्य. दादा शिडीने उतरला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला, "आज वाससुद्धा नाही. झकास."

वहिनी नाक शिंकरायला बाहेर गेली होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. बाहेरच्या हवेत तिच्या मीटरचा आकडा शून्याच्याही खाली गेला होता. म्हणजे आतलं शून्यच खोटं.

"ह्यांना वर घ्या," ती म्हणाली.

"आत्ताच तर उतरलाय. वासही नाही म्हणतोय."

"हा वायू वाढला की नाक बधिर होतं. भाऊजी, ओढा." आणि तिने स्वतःच दोराला हात घातला.

दादा वर आला तो लटपटत. बाहेर वाऱ्यावर बसवल्यावर त्याला भडाभडा ओकारी झाली. मी पार हादरलो होतो. धड बोलता यायला लागल्यावर त्याने विचारलं, "शून्य कुठे केलं होतंस?"

"आत."

त्याने छातीवरचा मीटर काढून तिच्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी तपासून त्याला घरी सोडलं. कामावर परतल्यापासून दादा रोज उतरायच्या आधी विचारतो, "बाहेर केलंस ना?" साधंच विचारतो, आवाज न चढवता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर वहिनीने त्याची खैर ठेवली नसती. दादाला ती खाली बघून "हो" म्हणते. तो मान हलवतो, तिच्या हातून मीटर घेतो आणि विहिरीकडे वळण्याआधी स्वतः फाटकाबाहेर एक चक्कर मारून येतो.