वहिनींचा नीटनेटका कचरा

वहिनी पहिल्यांदा माझ्या नजरेत भरल्या त्या शाळेतल्या पालकसभेत. मी त्यांच्या मुलाच्या गणिताबद्दल बोलत होते आणि त्या मान डोलावत माझ्या डब्यातले खडू लांबीप्रमाणे लावत होत्या. मुलाचं गणित त्यांच्या कानात शिरलं की नाही, देव जाणे.

पुढे मी त्यांच्या शेजारीच राहायला आले. माझी मागची खिडकी त्यांच्या फळबागेत उघडते. नवरा गेल्यावर बाग त्यांनी आणि त्यांच्या दिरांनी सांभाळली. दीर हाक मारतात म्हणून सगळी आळीच त्यांना वहिनी म्हणते.

छाटणीच्या फांद्या पूर्वी बागेतच पेटवत, आणि माझे डोळे चुरचुरत. मग गावाबाहेर कारखाना निघाला. फांद्यांचा भुसा करायचा, दाबून त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या पाडायच्या आणि त्या जहाजानं परदेशी वीजकेंद्रांना पाठवायच्या. तिकडची अट एकच: जाळण्यासाठी पाडलेलं झाड नको, फक्त टाकाऊ लाकूड. अट चांगलीच होती.

दिरांनी बजावलं, "वहिनी, हा ढीग गेला तर ठीक. नाहीतर अर्धी बाग तोडून ट्रक उभे करायला भाड्यानं देतो. मला आता झेपत नाही."

वहिनी पदर खोचून कामाला लागल्या. पानं झाडली, साल तासली, फांद्या एका मापात कापल्या, जाडीप्रमाणे रचल्या. ढीग कसला, भिंतच उभी राहिली.

कारखान्याचा तपासनीस आला आणि बघतच राहिला. "मावशी, हे टाकाऊ?"

"मग काय सोनं आहे?"

"फोटो पाहून तिकडचे म्हणतील, चांगली झाडं पाडली."

"अहो, झाडं उभी आहेत की समोर!"

"मला दिसतात हो. पण असं तासलेलं लाकूड छाटणी म्हणून पास केलं तर माझी नोकरी जाईल. उरलेल्या झाडांची छाटणी पडेल तशी पडू द्या. सोमवारी येतो. कचरा जरा कचऱ्यासारखा ठेवा, पाया पडतो तुमच्या!"

दिरांनी उरलेली झाडं छाटली, फांद्या अस्ताव्यस्त फेकल्या. "वहिनी, हात लावाल तर बघा!" असं म्हणून ते सोमवारी सकाळी बाजारात गेले.

थोड्या वेळानं खिडकीतून मला खुडबुड ऐकू आली.

"वहिनी, काय चाललंय?" मी ओरडले.

"काही नाही हो बाई. वाटेतल्या तेवढ्या बाजूला घेतेय."

"अहो, नका ना!"

"झालंच."

तपासनीस आला तेव्हा पहिल्या भिंतीशेजारी दुसरी भिंत तयार होती. तो स्कूटरवरून उतरलासुद्धा नाही.

दीर परतले. "वहिनी, एक सकाळ! एक सकाळ नुसतं बसायचं होतं!"

"माणूस येणार, आणि अंगण तसंच ठेवायचं?" वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. रडता रडता त्यांनी पायाशी पडलेली एक काटकी उचलून भिंतीत बसवली. मी खिडकी लावून घेतली. दुसरं काय करणार?

आता अर्ध्या बागेत त्याच कारखान्याचे ट्रक उभे असतात. वहिनींनी तिथे चुन्याच्या रेघा आखल्या आहेत, आणि एखाद्या ट्रकचं चाक रेघेबाहेर गेलं तर त्या ड्रायव्हरला झोपेतून उठवतात.