सुतान मालानोंच्या पोटातले जंतू

माझी मावशी दारनिस बाजारात दादिआ विकते, म्हणजे बांबूच्या नळीत लावलेलं म्हशीचं दही. "रोज एक नळी संपवते, म्हणून या वयातही दगड पचवते," असं ती गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची. धादांत खोटं! त्या वासानं तिला मळमळायचं. नळी मुकाट्यानं संपवायचे ते तिचे यजमान, सुतान मालानो. सुमात्रातल्या आम्हा मिनांगकाबाऊंत नवरा बायकोच्या घरी नांदतो आणि कूळ आईकडून चालतं. सुतानांचं मत कुणी विचारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एकदा पाडांग शहरातून एक डॉक्टरीण आली. दादिआ खाणाऱ्यांच्या आतड्यात चांगले जंतू किती, ते तिला तपासायचं होतं. सकाळच्या नमुन्यासाठी झाकणाचा डबा तिनं आधी मावशीच्याच हातात ठेवला. मावशीला घाम फुटला. जंतू निघालेच नाहीत, तर गिऱ्हाईक शेजारणीच्या पाटीकडे वळणार. सकाळी तिनं डबा नवऱ्याला दिला. उदा, म्हणजे दादा, अशी ती त्यांना हाक मारायची.

"उदा, जाऊन या. आणि कुठे अवाक्षर काढू नका."

महिन्याभरानं डॉक्टरीण भर बाजारात आली. "इतके गुणी जंतू मी पाहिलेच नव्हते! त्यांना आम्ही दारनिस हेच नाव देतोय."

मावशी चक्क लाजली. काय म्हणावं या बाईला!

तेवढ्यात मागून सुतान उठले. "पोरं तुझ्या कुळाची, घर तुझ्या आईचं, म्हशीसुद्धा तुझ्या. मी कधी बोललो? पण हे जंतू माझे आहेत, दारनिस!"

बाजार खदाखदा हसला. मावशी कसली ऐकतेय? "माझ्या घरात राहतात, माझं दही खातात. म्हणजे तेही माझ्याच कुळाचे!"

सुतानांनी खांद्यावरची लुंगी झटकली आणि आपल्या आईच्या घराची वाट धरली. त्या वाटेला लागलेला नवरा आमच्याकडे सहसा परतत नाही. मला रडूच आलं. मावशीनं गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या नवऱ्याकडे.

"उदा, थांबा हो!" ती ओरडली. "डॉक्टरीणबाई, नाव सुतान मालानो लिहा. मी दादिआ तोंडाला लावत नाही. वासच सोसत नाही मला!"

गिऱ्हाइकं एकमेकांची तोंडं बघू लागली. सुतान परत आले, जन्मात पहिल्यांदा तिच्या विक्रीच्या चटईवर बसले आणि सगळ्यांदेखत एक नळी उघडून खाऊ लागले.

"तिकडे सरका जरा," मावशी नाक धरून म्हणाली.

"गप बस," सुतान म्हणाले. "माझं कूळ जेवतंय."