ओळंबेकाकांची सरळ भिंत

गल्लीत त्यांना सगळे ओळंबेकाका म्हणायचे. जन्मभर हातात ओळंब्याची दोरी घेऊन गवंडीकाम केलं, पण एक भिंत वाकडी बांधली असेल तर शपथ! आता भिंती सरळ होत्या खऱ्या, पण होत्या कुठे? रस्त्यावर. एकानं कुंपण हातभर पुढे घेतलं की दुसरा म्हणे, "काका, मग मीच काय घोडं मारलंय?" काकांना कुणाचं मन मोडवत नसे. होता होता गल्ली एवढी आखडली की समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकीला मागे जावं लागे.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं. शहरात घरं पुरेनात, म्हणून सरकारनं ही वस्ती वाढीच्या पट्ट्यात घेतली. बैठ्या घरांवर मजला चढवायला परवानगी मिळणार होती. अट एकच: गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मूळ रुंदीची हवी. काकांचा जीव त्या मजल्यात अडकला होता. लेक, जावई आणि नात बाहेरच्या खोलीत पडदा लावून राहत होते, आणि जावयानं लांबच्या शहरात नोकरी बघून ठेवली होती.

"बाबा, वर खोली झाली तर आम्ही कशाला जाऊ?" लेक म्हणाली. काका ताटावरून उठले आणि दारोदार फिरले.

सगळी गल्ली मागे सरकायला तयार झाली. मजला कुणाला नको होता? अडल्या त्या समोरच्या हेडबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. काकांची नात दिवसभर त्यांच्याच पायरीवर खेळायची.

"मला मजला घेऊन काय करायचंय? वर कोण नाचणार आहे?" त्या म्हणाल्या. "आणि ही भिंत तुम्हीच बांधलीत ना? मग राहू द्या की."

काका तडक घरी आले, पहार घेतली आणि स्वतःचंच कुंपण पाडायला लागले.

"अहो बाबा, आधी बाईंना हो तरी म्हणू द्या!" जावई ओरडला.

"त्या म्हणोत न म्हणोत. ही जागा आपली नव्हतीच," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा पहार हाणली. आणि मेली भिंतही अशी पक्की की पडता पडेना!

हेडबाई दारातून हे बघत होत्या. मग रस्ता ओलांडून आल्या.

"माझा मुलगाही जागा नाही म्हणूनच गेला," त्या म्हणाल्या. "तेव्हा वर बांधू देत नव्हते. तो काही आता परत यायचा नाही. पण तुमची नात जायला नको हो. माझी भिंत कधी पाडताय?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. जावयानं त्याच दिवशी तिकडच्या नोकरीला नकार कळवून टाकला.

बाईंच्या नव्या कुंपणासाठी दोरी लागली. एक टोक काकांच्या हातात, दुसरं लेकीच्या. काकांनी एक डोळा मिटला, नेम धरला आणि जन्माच्या सवयीनं दोरी हळूच रस्त्याकडे सरकवली.

"काका!" हेडबाई वर्गातल्या आवाजात कडाडल्या. "आत घ्या!"

काकांनी जीभ चावली. लेक हसत सुटली.

"बाबा, आता आपल्याला इथंच राहायचंय," ती म्हणाली, आणि तिनं आपलं टोक आणखी वीतभर आत घेतलं.