फौजी डब्यांवर दादूचं नाव

मला लिहायची सवय नाही. ग्रामपंचायतीत कारकून होतो तेव्हा दाखले लिहायचो, तेवढंच. पण दादू मढवीच्या वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या आहेत, त्यामुळे जे झालं त्यात माझीही चूक आहे.

दादू विचुंब्याचा. बाप मिठागरावर मजुरीला जायचा, दादूने टेम्पो घेतला. चाळीस वर्षं त्याने कळंबोलीहून भंगार वाहिलं. त्यात कधी फौजेचा निकाली माल असायचा. पाण्याच्या बाटल्या, पट्ट्यांची बक्कलं, जवानांचे जेवणाचे चपटे डबे. भाड्यातले थोडे पैसे सोडून दादू त्यातलं काही मागून घ्यायचा. घरातली एक खोली भरली. त्याची बायको कृष्णाबाई म्हणायची, "लोकं भंगार इकतात, आमचा माणूस घरात आणतो."

गेल्या वर्षी गुडघे गेले आणि मुलाने, धनेशने, त्याचं गाडी चालवणं बंद केलं. टेम्पो दारात उभा राहिला. दादूने आत फळ्या मारल्या, दिवे लावले, मागे तीन पायऱ्या बसवल्या. हा संग्रह शाळाशाळांतून न्यायचा, पोरांना फुकट दाखवायचा, असा त्याचा बेत. गाडी धनेश चालवणार, शनिवारी.

पहिली शाळा रोडपालीची. तिथल्या दिपिका मॅडमनी फोटो मागवले, धनेशने पाठवले. दोन दिवस आधी मॅडमनी त्याच्या मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका पाठवली. 'माजी सैनिक श्री. दादू मढवी यांचे फिरते संग्रहालय. उद्घाटक : निवृत्त सुभेदार कमलाकर तोडणकर.'

दादूने ती मला वाचायला लावली, दोनदा.

"नाना, मी कदी सैनिक झालो?"

"त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाय."

मग धनेशचे फोटो पाहिले. उपडे ठेवलेले डबे, आणि प्रत्येकाच्या बुडाला 'दा. हि. मढवी, विचुंबे, १९८६'.

आमच्याकडे लग्नकार्यात भांडी गावभर फिरतात. परत ओळखता यावीत म्हणून नवं भांडं घरात आलं की आधी त्यावर नाव घालतात. दादूला ते चौदा डबे मिळाले तेव्हा तोही पनवेलच्या भांड्यांच्या दुकानात गेला आणि सगळ्यांवर स्वतःचं नाव घालून आला. प्रत्येक डब्यावर कुणा जवानाने खिळ्याने आपला नंबर कोरलेला होता. त्याच्या शेजारीच दुकानातलं टिपक्याटिपक्यांचं नाव. चौदाही डब्यांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, ते नाव चौदा वेळा वाचलं, आणि मला काहीच खटकलं नाही. आमच्या घरच्या पातेल्यांवरही माझं नाव आहे.

ते दोन दिवस वाईट गेले. दादूने कानस घेऊन एक डबा घासून पाहिला, पण नावाबरोबर शेजारचा नंबरही जायला लागला. त्याने कानस ठेवून दिली.

"मॅडमना फोन कर," मी म्हणालो.

"तुमी करा. शाळेतल्या लोकांशी तुमाला बोलता येतं."

मी लावला. पलीकडून मॅडम "हॅलो" म्हणाल्या आणि मी विचारलं, कार्यक्रम किती वाजता आहे. आठ वाजता, त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला.

कृष्णाबाई दारातून ऐकत होती. "दोघां म्हाताऱ्यांत मिळून एक तोंड नाय," ती म्हणाली.

दादूला फसवा ठरण्याची भीती होतीच, पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. सैनिक नाही म्हटल्यावर भंगार वाहणाऱ्याला शाळेत घेणार कोण? पुढच्या दोन शाळांनीही याच शाळेचं नाव ऐकून होकार दिला होता.

शनिवारी फाटकाशी फळा होता. त्यावर रंगीत खडूने तेच, 'माजी सैनिक'. पोरं रांगेत उभी. सुभेदार ताठ चालत आले, दादूचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कुठली पलटण, मढवी?"

दादूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. 

मग दादू लंगडत फळ्यापाशी गेला आणि पहिले दोन शब्द तळव्याने पुसले.

"मी फौजेत नव्हतो साहेब. टेम्पो चालवायचो."

"अहो, पण डब्यांवर तुमचं नाव आहे ना?" मॅडम गोंधळल्या.

"ते मीच घातलंय. दुकानातून."

सुभेदारांनी डबा मागितला. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. "दुसऱ्याच्या नंबराशेजारी?"

"हां. आमच्यात भांड्यावर नाव घालतात. हरवू नये म्हणून. चुकलं माजं."

"हा जवान कोण, शोधलंत कधी?"

"नाय सुचलं."

पोरं चुळबुळत होती. मला वाटलं, आता गाडी वळवायला सांगतील.

"नंबर लिहून द्या सगळे," सुभेदार म्हणाले. "जमेल तेवढे शोधतो. पण घरचे मागायला आले तर?"

दादूने टेम्पोतल्या फळ्यांकडे पाहिलं. आयुष्यभराचं ते जमवलेलं. "तर त्यांचंच हाय," तो शेवटी म्हणाला.

मॅडमनी खडू उचलला. "मग इथे काय लिहू?"

"टेम्पो डायव्हर लिवा."

तसं लिहिलं. सुभेदारांनी फीत कापली, भाषण मात्र केलं नाही. पुढच्या दोन शाळांपैकी एकीने नंतर फोन उचलला नाही. दुसरीकडे जाऊन आलो.

परवा सुभेदारांचा निरोप आला. एका नंबराचं घर सापडलं, साताऱ्याकडचं. जवान आता हयात नाही, त्याची बहीण आहे, मैनाबाई. रविवारी ती भाच्याबरोबर विचुंब्याला येणार आहे.

तेव्हापासून दादू तो एक डबा समोर घेऊन बसलेला असतो. काल मी गेलो तर म्हणाला, "नाना, मी देतो हो. पण माजं नाव असलेला डबा ती बाय घेईल का?"