नेहमीसारखा श्वास घ्या

आमच्या रेडिएशन विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते रोज टेबलावर येऊन झोपतात! मी पेणची, त्यामुळे पेण-रोह्याकडचा पेशंट आला की बाहेरून त्याच्याशी बोलायचा माइक माझ्याच हातात देतात.

आधी मशीनबद्दल. श्वासाबरोबर फुप्फुसातली गाठ हलते. छातीवर लावलेल्या दिव्यांवरून कॉम्प्युटर तिच्या हालचालीचा अंदाज बांधतो आणि किरण सोडणारा रोबोचा हात तिच्यामागे फिरतो. श्वास बिघडला की मशीन थांबतं, पुन्हा पहिल्यापासून. फारच बिघडला तर दिवस फुकट आणि गाठ आहे तिथेच.

पेणजवळच्या जिते गावचे एक आजोबा. मी म्हटलं, "नेहमीसारखा श्वास घ्या." स्क्रीनवर श्वासाची रेघ आडवी! धावत आत गेले, तर आजोबा लालबुंद, श्वास रोखलेला. "एवढी म्हागाची मशीन, माज्यामुलं हलाया नको!" आम्ही पोट धरून हसलो. मग त्यांना उबळ आली आणि रुमालावर रक्त पडलं.

डोलवीकडचा एक कंत्राटी कामगार शिफ्ट संपवून थेट यायचा आणि टेबलावर घोरायचा. झोपेत श्वास बदलतो, मशीन बंद! चौथ्यांदा उठवल्यावर चिडला, "मॅडम, कंपनीत डोळा लागला तर काम जातं. इथं काय जातं?" काय जातं ते सांगणं डॉक्टरांचं काम, म्हणून मी पुन्हा माइक दाबला, "नेहमीसारखा श्वास घ्या."

गाठीचा माग लागावा म्हणून तिच्याशेजारी सोन्याचा बारीक कण घालतात. एका सुनेला तो घातला, तर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "गो, हिचं काय बरंवाईट झालं तर ते सोनं माहेरी जायल का आमच्याकडं?" सून दोन हातांच्या अंतरावर बसलेली. तिने सगळं ऐकलं. त्या दिवशी तिच्या श्वासाचा अंदाज काही बांधता आला नाही. सासूबाईंच्या तोंडावर माइक फेकून मारावासा वाटला.

आणि रोह्याचे हसनचाचा. पाच दिवसांची ट्रीटमेंट, चार दिवस श्वास इतका एकसारखा की मशीनचं गणित सांभाळणारे आमचे फिजिसिस्ट तो नव्या लोकांना दाखवायचे. डॉक्टरांनी चाचांना बजावलं होतं, "आखातातल्या मुलाला बोलावून घ्या, उशीर नको."

शेवटच्या दिवशी चाचा टेबलावर होते. मी माइकवर सहज विचारलं, "चाचा, मुलगा कधी येतोय?"

"येतोय, येतोय. तिकीट काढलंय."

रेघ वेडीवाकडी. मशीन थांबलं. पुन्हा अंदाज बांधला, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदाही तेच. फिजिसिस्ट वैतागले, "राहू दे, उद्या बोलवा."

मी माइक दाबला. "चाचा, आज नाही होणार."

आतून आवाज आला, "होईल बेटी. सुट्टी नाय म्हणाला पोरगा. आता त्याचं नाव नको काढू, मी सरळ श्वास घेतो."