दुसरा गेर्ट

हार्म स्लेंकने चूक केली ती अडाणीपणाने नव्हे, कंटाळ्याने. चर्चच्या जुन्या दप्तरात पुढची पानं बाप्तिस्म्यांची. ती डच भाषेत होती, अक्षर गोल, टपोरं, सुटं. मागची पानं मयतांची, एका जर्मन पाद्र्याने लिहिलेली. काटेरी तारेचं कुंपण पाडून ओळीओळीने अंथरावं तसं ते अक्षर. ज्याने मोडी वाचताना डोळे शिणवले असतील त्याला कळेल. हार्मने पुढची पानं वाचली, हवं ते मिळालं, मागच्या पानांना हातही न लावता दप्तर मिटलं आणि तेवढ्या जोरावर आर्लीनला सांगून टाकलं, "पोरी, तू सुटलीस."

हार्म आमच्या मिशिगनमधल्या, डच लोकांनी वसवलेल्या गावचा जुना पोस्टमन. बायको गेल्यावर वेळ खायला उठला, तेव्हा तो चर्चच्या तळघरात बसून लोकांचे खापरपणजोबा शोधून देऊ लागला. आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं, आपला पूर्वज बायबल छातीशी धरून जहाजातून उतरला. हार्मच्या हाती लागायचे ते दारूपायी चर्चमधून हाकललेले. त्यामुळे लोक त्याच्यावर जरा जपूनच प्रेम करत.

आर्लीनचं काम मात्र हौसेचं नव्हतं. ती ब्रेकहोफांची. त्या घराण्यात चाळिशी आली की हात नाचू लागत, मग पाय, मग डोकंही जाई. औषध नाही, आणि १९७८ साली आधी कळायची काही तपासणीही नाही. आईबापांपैकी एकाला असलं की पोराचं नशीब म्हणजे उडवलेलं नाणं. आर्लीनच्या शाखेत तर काही कळायला मार्गच नव्हता, कारण तिकडचे पुरुष चाळिशीपर्यंत टिकलेच नाहीत. पणजोबा गेर्ट तळ्यावरचा बर्फ कापताना बुडाला, आजोबा फ्लूच्या साथीत गेला, बाप कोरियाच्या लढाईत. "आमच्यात मरणालाही घाई," ती म्हणायची. डेल बोव्हेन तिच्यामागे लग्नाचं टुमणं लावून होता आणि ती त्याला परत पाठवत होती. म्हणायची, पोरांना हे देण्यापेक्षा पोरंच नकोत.

आणि हार्मला ती नोंद सापडली. तापात आईबाप गेलेलं एक पोर ब्रेकहोफांनी घरी घेतलं, त्याला बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं गेर्ट. म्हणजे पणजोबा त्यांच्या रक्ताचा नव्हताच! शरद ऋतूत आर्लीनचं लग्न झालं. हार्मला काचेच्या थाळीतून आर्लीनने केलेला ॲपल पाय आला. वसंतात ती पाच महिन्यांची पोटुशी होती.

त्याच वसंतात दुसऱ्या कुणाची तरी खापरपणजी शोधायला हार्म मागच्या पानांत शिरला. भिंग धरून एकेक काटा सोडवत गेला आणि एका ओळीवर अडकला. गेर्ट, ब्रेकहोफांनी सांभाळलेलं पोर, डांग्या खोकल्याने गेलं, पुरलं. तसाच तो परत पुढच्या, बाप्तिस्म्यांच्या पानांकडे आला. पुढच्याच वर्षी ब्रेकहोफांना स्वतःचा मुलगा झालेला. नाव गेर्ट.

मेलेल्या पोराचं नाव पुढच्याला द्यायचं, ही आमच्या जुन्या माणसांची रीत. हार्मला ती कुणी शिकवायला नको होती. त्याच्या आधी जन्मून तान्हेपणीच गेलेला भाऊही हार्मच होता.

"गप्प बस," त्याची थोरली बहीण फेना म्हणाली. "सांगून काय पोटातलं पोर परत जाणार आहे?"

"मी तिला खोटं सांगितलं, फेना."

"चुकलास. खोटं वेगळं. आणि तुझं चुकणं काय नवं आहे? माझं नाताळचं पार्सल भलत्याच गावी, झीलंडला धाडलंस, तेव्हा कुठे रडत बसला होतास?"

"नाही सांगितलं तर ती दोघं दुसरं होऊ देतील. मग तिसरं."

फेनाच्या विणायच्या सुया थांबल्या.

हार्म गेला तेव्हा डेल अंगणात पाळण्याला पांढरा रंग देत होता. आर्लीन दारातूनच ओरडली, "काका, माझी थाळी कुठाय? का तीही दप्तरात जमा केलीत?"

"पुढच्या वेळी आणतो," हार्म म्हणाला आणि पायरीवर बसला. उभ्याने सांगणं त्याला जमलं नसतं.

आर्लीन आधी हसली. "कुठला दुसरा गेर्ट? आमच्यात एकच गेर्ट."

"दोन होते, पोरी. घेतलेला गेला. तुझा पणजोबा तो नंतरचा."

"म्हातारबुवा, चष्मा बदला," डेल ब्रश तसाच हातात धरून म्हणाला. रंग त्याच्या बुटावर गळत होता. "तेव्हा म्हणालात सुटली, आता म्हणता नाही. उद्या काय म्हणाल?"

आर्लीनने हार्मची बाही धरली. "पुन्हा वाचा."

"वाचलं गं."

"आणखी वाचा! ते अक्षर म्हणजे काट्यांचं रान, तुम्हीच म्हणता ना? मग एखादी ओळ राहिली असेल. तोही गेला असेल, तिसरं पोर घरी घेतलं असेल. असेल ना?"

तिची मूठ सुटेना. मग तिने अगदी हळू विचारलं, "तुम्ही बाबांना पत्रं द्यायचात. त्यांचे हात आठवतात तुम्हाला?"

हार्मला आठवत होते. सैन्याच्या बोलावण्याचं पत्र घेताना सही करायला त्या माणसाला पेन दोन्ही हातांनी धरावं लागलं होतं.

"थंडीचे दिवस होते," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं, गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. आर्लीनने बाही सोडली आणि ती आत गेली. डेल पाळण्याकडे बघत उभा राहिला. एक बाजू रंगवायची राहिली होती.

तेव्हापासून हार्म रोज तळघरात जातो आणि आर्लीनने सांगितलं म्हणून पुन्हा वाचतो. एकेक मयत, एकेक काटा. तिसरा गेर्ट काही निघत नाही.

थाळी अजून त्याच्याच ओट्यावर आहे, धुऊन पालथी घातलेली. चर्चच्या जेवणात भांडी बदलू नयेत म्हणून आमच्या बायका तळाला चिकटपट्टी लावून नाव घालतात, तशी पट्टी हिलाही आहे. आर्लीन बोव्हेन. लग्नानंतर तिने नवं आडनाव पहिल्यांदा बहुतेक इथंच लिहिलं असावं.

"देऊन ये ती," फेना म्हणते.

"रिकामी कशी नेऊ?"

"मग घाल त्यात काहीतरी."

हार्म थाळी उचलतो, जरा वेळ धरतो आणि परत पालथी ठेवतो.