कागदावरचं रिकामं गोदाम

माझी बायको काय काम करते, हे मी आजवर एकाही नातेवाइकाला धड सांगू शकलेलो नाही. इमारत बांधायच्या किंवा बदलायच्या आधी ती संगणकात उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन पाडायचं आणि वीज किती लागेल ते काढायचं. त्यावरून इमारतीला हरित असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. कुणाच्याही घरी गेली की ती आधी पश्चिमेच्या भिंतीला हात लावते. माझ्या आत्याला वाटतं, ही ओल शोधते.

या वेळी एका गोदामाने तिला पिडलं. गोदाम जुनंच, पत्र्याचं, आत चपलांचे खोके आणि एसीचा पत्ता नाही. मोठ्या गिऱ्हाइकाने प्रमाणपत्र मागितलं म्हणून मालकाने दुरुस्ती काढलेली. त्यात पत्र्याखाली जाड अस्तर घालायचं होतं. हिने अस्तर घालून हिशोब केला, काढून केला, वीज एका युनिटने हलली नाही. हलणार कशी? एसी असता तर अस्तराने वीज वाचली असती. इथे तापत होती ती नुसती हवा, आणि तापलेल्या हवेचं बिल येत नाही. मालक म्हणाला, "मग काढून टाका ते."

"आकडे खरे आहेत, हीच तर बोंब आहे," ती घरी आल्या आल्या पर्स आदळत म्हणाली.

दिवे मोजायला ती त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे गेली होती. खोक्यांच्या थप्प्यांमागे बेचाळीस बायका चपला पॅक करत बसलेल्या. भर दुपार. एकीने डोक्यावरचा ओला रुमाल पिळून पुन्हा बांधला आणि विचारलं, "मॅडम, ते अस्तर कधी घालणार? गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या तिघी चक्कर येऊन पडल्या."

"आणि माझ्या संगणकात तिथे माणसं किती होती, सांग," तिने मला विचारलं.

"किती?"

"एक. तोही अर्धा दिवस. गोदाम निवडलं की प्रोग्राम आपोआप तेवढंच धरतो. मी तो आकडा बघितलासुद्धा नाही रे."

पुढचा आठवडा घरात नुसता वैताग. तिचे साहेब म्हणाले, "नकाशात सगळी साठवणूक लिहिलीय, तुम्ही कशाला नाक खुपसता?" मालक म्हणाला, बायका काय, येतात-जातात. प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनिसाला तिने विचारलं, तर त्याचं लेखी उत्तर आलं: साठवणुकीच्या जागेत माणसं धरू नयेत. त्या आठवड्यात आमच्याकडे भाजी तीनदा करपली आणि तिन्ही वेळा दोष माझा निघाला.

शेवटी तिने नकाशावर पॅकिंगच्या कोपऱ्याभोवती रेघ मारली, आत 'कामाची जागा, माणसं बेचाळीस' असं लिहिलं, त्या ओल्या रुमालवाल्या बाईने पाठवलेला हजेरीचा फोटो जोडला आणि साहेबांना न विचारता सही करून तपासनिसाकडे पाठवून दिलं. माणसं काम करतात म्हटल्यावर आतली उष्णता मर्यादेत ठेवणं सक्तीचं झालं आणि प्रमाणपत्र अस्तरावर अडलं. मालकाने आदळआपट केली, पण अस्तर घातलं. मग साहेबांना बजावलं, ही बाई माझ्या कामावर नको. साहेबांनी हिच्याकडची सगळीच गोदामं काढून घेतली.

मला तिचा अभिमान वाटला, आणि साहेबांचा मनापासून संताप आला. म्हटलं, "जाऊ दे. सुटलीस एकदाची. आणि जिंकलीस की."

ती जुन्या फायलींतून एका कागदावर फोन नंबर उतरवत होती. "एकोणीस गोदामं केलीत मी," ती म्हणाली. "सगळ्यांत एकच माणूस धरलाय. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळालीत."

तिने पहिला नंबर लावला.

"नाही हो, तक्रार नाही. एवढंच सांगा, तुमच्याकडे आत पॅकिंगला किती जणी बसतात?"

पलीकडचा माणूस म्हणाला, थांबा, मोजून सांगतो. तो बराच वेळ परत आला नाही.